बिनदाराच्या घरातला किल्ला

शिंगणापूरची म्हटलं की लोकांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. खरंच दारं नाहीत का हो घरांना? जन्मभर हे ऐकून ऐकून मी आता उलट विचारते, तुमच्या घराला असून तुम्ही काय दिवे लावलेत? माणसं गोरीमोरी होतात, विषय बदलतात. मला त्याचं काही वाटत नाही. ज्या घरात मी लहानाची मोठी झाले त्या घराला चौकटी होत्या, उंबरे होते, पण दारं नव्हती. पुढच्या चौकटीत रात्री एक फळी आडवी टेकवायचे, तीही फक्त कुत्री आत येऊ नयेत म्हणून. आतल्या खोल्यांना पडदे. आईच्या लग्नातल्या पेटीचा कोयंडासुद्धा काढून टाकलेला होता आणि त्या जागी दोन भोकं तेवढी राहिली होती. घर देव राखतो अशी गावाची श्रद्धा, आणि आमच्या घरात ती जरा जास्तच, कारण आमचं दुकान देवाच्याच रस्त्यावर होतं. त्या श्रद्धेशी मी तेव्हाही भांडले नाही. भांडले ते पडद्याशी, आणि त्याबद्दल मला आज या वयातही चांगलं वाटतं.

दुकान पुढे, घर मागे. दुकानात तेलाच्या बाटल्या, रुईच्या पानांच्या माळा, काळं कापड, उडीद, घोड्याचे नाल. तेलाचा वास आमच्या कपड्यांना, वह्यांना, इतकंच काय भाकरीलाही लागलेला असायचा. शाळेत बाकावर शेजारी बसणारी मुलगी म्हणायची, तू आलीस की डोळे मिटूनसुद्धा कळतं. शनिवारी पहाटेपासून गाड्यांचे हॉर्न, चपला ठेवायला जागा दाखवणाऱ्या पोरांच्या आरोळ्या, आणि त्यातच आईच्या भाकऱ्या थापण्याचा आवाज. घरातल्या मोठ्या माणसांना शनिवारचा उपास असायचा, त्यांच्यासाठी भगर आणि शेंगदाण्याची आमटी. मला उपास कधीच झेपला नाही. मी चुलीपाशी बसून बाजरीची गरम भाकरी, ठेचा आणि वर कच्चं तेल घेऊन खायची. आई मला पदराआड करून बसायची, कारण अण्णांना दिसलं तर ते काही बोलायचे नाहीत, नुसतं बघायचे, आणि त्यांचं बघणं वाईट असायचं.

अण्णा म्हणजे माझे थोरले चुलते. घरातला शब्द त्यांचा. काकू मी अगदी लहान असतानाच गेली, मूलबाळ नव्हतं, आणि सगळी माया त्यांनी माझ्यावर केली हे मला मान्य केलंच पाहिजे. पहिली सायकल त्यांनीच आणली. मला शाळेतून काढा म्हणणाऱ्या एका पाहुण्याला त्यांनी चहाही न देता वाटेला लावलं होतं. माझे वडील, त्यांना मी दादा म्हणायची, ते अण्णांच्या पुढे कधी बसलेलेसुद्धा मी पाहिले नाहीत. घोडेगावच्या बाजारातून गाय आणायची तरी अण्णांना विचारून. अण्णा दुकानाच्या गादीवर बसत आणि येणाऱ्या प्रत्येक भाविकाशी बोलत. या माणसाचा एकच अभिमान होता, तो म्हणजे आमचं घर. नारळ घ्यायला आलेल्या माणसानं दारांविषयी विचारलं की अण्णांचा चेहरा खुलायचा. "जावा की आत," ते म्हणायचे, "सगळं घर फिरा. कुठं दार दिसलं तर मला येऊन सांगा."

आणि लोक जायचे. चपला हातात घेऊन जायचे, मोबाईल वर धरून जायचे. स्वयंपाकघरात आई चुलीसमोर असायची, ती पदर पुढे ओढून भिंतीकडे तोंड करायची. एकदा एका बाईनं तिला, "जरा पडद्यापाशी उभ्या राहता का, फोटो छान येईल," असं सांगितलं होतं, आणि आई भाकरीचं पीठ लागलेल्या हातांनी उभी राहिली होती. मधल्या खोलीत मी असायची. अभ्यास तिथंच, झोपणं तिथंच, आजारपण तिथंच. पडदा हिरवा होता, त्यावर पिवळी फुलं. तो उचलला जाईल म्हणून मी सतत अर्धं लक्ष तिकडे ठेवायला शिकले होते. ती सवय गेली नाही. आजही मी हॉटेलात बसले तर दाराकडे तोंड करून बसते.

दहावीचा निकाल लागला त्या आठवड्यात पुण्याहून दिलीपमामा आला. आईचा धाकटा भाऊ. कुठल्याशा कंपनीत संगणकावर काम करायचा, लग्न करत नव्हता, आणि त्याच्या खोलीत म्हणे माणसापेक्षा खेळणीच जास्त होती. त्यानं काखेत एक भलामोठा खोका धरला होता. खोक्यावर चित्र होतं एका किल्ल्याचं, आणि तो किल्ला चौकोनी चौकोनी ठोकळ्यांचा होता, पायऱ्या पायऱ्यांच्या कडा असलेला.

"हा चावीवाला," मामा म्हणाला, आणि खोक्यावरच्या एका बुटक्या माणसावर बोट ठेवलं. नारिंगी टोपी, नाक म्हणजे एकच ठोकळा. खेळाचं खरं नाव इंग्रजी आणि लांबलचक होतं, पण मामा लहान असताना जामखेडला टीव्हीवर व्हिडिओ गेम खेळू देणारं एक दुकान होतं, तिथल्या पोरांनी त्याला चावीवाला नाव पाडलं होतं. मामा खर्ड्याहून एसटीनं शाळेला जामखेडला यायचा आणि शाळेपेक्षा त्या दुकानातच जास्त असायचा. चावीवाला एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जातो, चाव्या गोळा करतो, दारं उघडतो, आणि शेवटी या किल्ल्यापाशी पोचतो. मामा तिथं पोचला होता, पण शेवटचं दार त्याला कधी उघडता आलं नाही. आता इतक्या वर्षांनी कुणीतरी त्या जुन्या खेळाचा हा जुळवायचा संच काढला होता, मोजकेच काढले होते, आणि मामानं दोन घेतले होते. असले शौकीन तसंच करतात म्हणे. एक फोडायचा आणि एक बंद ठेवायचा. फोडायचा तो त्यानं मला दिला.

"तू न्हाई का फोडनार?" आईनं विचारलं.

"माझ्यानं मागं पन पूर्ण झाला न्हाई, ताई. वैशी करंल."

सुटीभर मी तो किल्ला बांधला. पिशव्या फोडल्या तेव्हा आईनं ते हजारो ठोकळे बघितले आणि सरळ सूप घेऊन आली. डाळ निवडतात तसे तिनं ते निवडले. करडे एका ताटात, तपकिरी दुसऱ्या, बारीक पिवळे वाटीत. तिचा हात असा चालायचा की मी पुस्तकातलं चित्र बघून होईपर्यंत पुढचे ठोकळे तयार असायचे. पुस्तकात एक अक्षर नव्हतं, नुसती चित्रं, त्यामुळे आई माझ्याइतकीच पुढे असायची, कधी कधी माझ्याही पुढे. "उलटं बसवलंस," एवढंच म्हणायची. दुपारी दुकान जरा शांत असताना आम्ही दोघी त्या खोलीत जमिनीवर पाय पसरून बसायचो आणि टक टक असा आवाज करत भिंती उभ्या करायचो. त्या दुपारी आई जितकी बोलली तितकी एरवी वर्षभरात बोलली नसेल.

मग दारं आली. तपकिरी, बोटाच्या पेराएवढी, बिजागरीवर फिरणारी. आईनं एक उचललं, चौकटीत बसवलं, आणि बोटानं लोटलं. टिक. पुन्हा उघडलं, पुन्हा लोटलं. भाकरीचं पीठ भिजवायचं राहिलं होतं, तरी ती तिथंच बसून ते दार उघडत होती आणि मिटत होती.

"आमच्या खर्ड्याच्या दाराला ह्यो एवढा आडणा हुता," ती म्हणाली. खर्डा तिचं माहेर, बापू तिचे वडील. "रातच्याला बापू आडणा सरकवायचे, त्याचा आवाज आला की मला झोप लागायची."

"आणि हितं?"

"हितं पहिलं वरीसभर झोपच न्हाई लागली," ती म्हणाली आणि पीठ भिजवायला उठली.

किल्ला पूर्ण झाला तेव्हा माझ्या गुडघ्याच्या वर येत होता. मी तो खोलीच्या कोपऱ्यात, खिडकीखाली ठेवला. मोठं दार मिटलं की त्यावर एक पिवळी चावी अडकवायची सोय होती. मी ती रोज अडकवायची. कुणी हसलं तर हसो, पण त्या घरात बंद होणारी तेवढी एकच गोष्ट होती आणि ती माझी होती.

त्यानंतर काही दिवसांतच तो प्रसंग घडला. दुपारची वेळ. मला पोटात कळा येत होत्या, दर महिन्याला यायच्या तशा. गुडघे पोटाशी घेऊन, गरम पाण्याची बाटली धरून मी चटईवर पडले होते. पडदा उचलला गेला. एक मध्यमवयीन गृहस्थ, मागे त्यांची बायको, तिच्या मागे आणखी कुणीतरी. मी उठून बसायच्या आधीच त्यांनी खोलीचा फोटो काढला. माझ्याकडे त्यांनी खुर्चीकडे बघावं तसं बघितलं. मग त्यांची नजर कोपऱ्यात गेली आणि ते मोठ्यानं हसले. "अरे, इथे तर दारं आहेत की," बायकोला म्हणाले, आणि वाकून किल्ल्याचाही फोटो काढला. पडदा पडला. बाहेर दुकानात ते अण्णांना सांगत होते ते मला स्पष्ट ऐकू आलं. "काका, तुम्ही म्हणालात दार दिसलं तर येऊन सांगा. दिसलं बरं का. तेही कुलपासकट."

दुकानातली माणसं हसली. अण्णा हसले नाहीत. ते गादीवरून उठून आत आले. मी तोवर भिंतीला टेकून बसले होते. ते सरळ कोपऱ्याकडे गेले आणि किल्ल्यासमोर उकिडवे बसले.

"ह्ये काय हाय, वैशे?"

"किल्ला."

"आन् ही?"

"दारं."

"उघडत्यात?"

"उघडत्यात, मिटत्यात. चावी पन हाय."

त्यांनी एका दाराला बोट लावलं. दार टिक करून मिटलं तसा त्यांनी तव्याला हात लागल्यासारखा हात मागे घेतला. आज कुणाला हे खोटं वाटेल, पण तो माणूस खरोखर घाबरला होता. खेळण्यातलं असलं म्हणून काय झालं, दार ते दार, कुलूप ते कुलूप, आणि ते आपल्या छपराखाली आलं, एवढंच त्यांना दिसत होतं. पिढ्यान्पिढ्या राखलेलं काहीतरी आपल्या हातून मोडलं असं त्यांना वाटलं असणार. हे मला आता कळतं. तेव्हा मला फक्त त्यांची पाठ दिसत होती.

"बाकीचं राहू दे," ते म्हणाले. "लई सुंदर केलंयस. दारं तेवढी काढून टाक. शनिवारी आवस हाय, त्याच्या आत काढ. न्हाईतर खोकं बांधून दिलीपकडं धाडून दे."

"न्हाई काढायची."

आमच्या घरात अण्णांना न्हाई म्हणायची पद्धत नव्हती. दादा पडद्याबाहेर येऊन थांबले होते, त्यांनी नुसता घसा खाकरला. अण्णा वळले.

"काय म्हनलीस?"

"न्हाई काढायची म्हनलं. अण्णा, तो मानूस आत आला. मी दुखनं घिऊन पडले हुते, तर फोटो काढून गेला. तुमी त्याला पाठवलं. त्याचं काय?"

"बघून गेला असंल. बघितल्यानं काय झिजतं का? आपल्या घरात लपवून ठिवावं असं काय हाय?"

"मी हाय," मी म्हटलं.

ते उठून उभे राहिले. मला वाटलं त्यांना पटलं, पण तसं नव्हतं. "शनिवारच्या आत," एवढंच बोलून ते दुकानात गेले. दादा आत आले, मला म्हणाले, "पोरी, दारं काढून डब्यात ठिव की. आवस झाली की परत लाव. कुनाला कळतंय?" माझे वडील असे होते. कुणालाही न दुखावता जगता येतं असं त्यांना शेवटपर्यंत वाटत राहिलं. मी त्यांना सांगितलं, मला कळंल.

शनिवार उजाडला. शनिवारी आलेली अमावस्या म्हणजे आमच्या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. दुकानापुढे रांग, तेलानं निसरडी झालेली फरशी, लाउडस्पीकरवर हरवलेल्या माणसांची नावं. दारं मी काढली नव्हती. उलट सगळी मिटून, मोठ्या दाराला चावी अडकवून ठेवली होती. आंघोळ केली, शाळेतल्या समारंभाला शिवलेला चांगला ड्रेस घातला, आणि मधल्या खोलीच्या चौकटीत, उंबऱ्यावर, आडवी बसले. पाठ एका बाजूला, पाय दुसऱ्या बाजूला. मला हलवल्याशिवाय कुणाला आत जाता येणार नव्हतं.

पहिली मंडळी आली ती साताऱ्याकडची कुठलीतरी, बोलण्यावरून वाटलं. "आत बघायचंय," त्यांच्यातला एकजण म्हणाला.

"हितं मानूस राहतं. बघायला मिळनार न्हाई."

"काकांनी सांगितलं."

"काकांनी त्यांचं सांगितलं. मी माझं सांगतेय."

ते परत गेले. मग आणखी काही आले, तेही परत गेले. एक म्हातारी मात्र थांबली, माझ्याकडे बघून "बरोबर हाय गं बाय," म्हणाली आणि लेकाला ओढत घेऊन गेली. तिचं नाव गाव मला ठाऊक नाही. शेवटी अण्णा स्वतः आले. मागे पाच-सहा भाविक, त्यांच्या मागे दादा. अण्णांच्या कपाळावर घाम होता. चारचौघांत त्यांचा शब्द खाली पडलेला मी तरी त्याआधी पाहिला नव्हता.

"बाजूला हो, वैशे. पावनं खोळंबल्यात."

"खोळंबू द्या."

"मोठ्यांचं ऐकायचं सोडलंस?"

"ह्या खोलीपुरतं सोडलं."

त्यांचा हात वर गेला नाही, तसे ते नव्हतेच, पण त्यांनी माझा दंड धरला. लहानपणी सायकल शिकवताना धरायचे तोच हात. मी चौकट धरून ठेवली. माझे डोळे भरून आले आणि मला त्याचा भयंकर राग आला, कारण मला रडायचं नव्हतं. पाहुण्यांपैकी कुणीतरी म्हणालं, जाऊ द्या काका. अण्णांनी हात सोडला नाही.

तेव्हा आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. हाताला पीठ तसंच. डोक्यावर पदर होता, तो तिनं नेहमीसारखा पुढे ओढला नाही. लग्न होऊन त्या घरात आल्यापासून ती अण्णांशी समोरासमोर एक वाक्य बोललेली नव्हती, जे काही असेल ते दादांमार्फत. ती येऊन माझ्या शेजारी उंबऱ्यावर बसली.

"भावजी," ती म्हणाली, "पावन्यांना घर दाखवायचं तर तुमच्या खोलीपासून दाखवा. आज पतुर तुमच्या खोलीचा पडदा कुनी उचलला न्हाई."

ते खरं होतं. मी त्या घरात जन्मले, वाढले, पण ही गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. अण्णांची खोली दुकानाला लागूनच होती. त्यात काकूचा फोटो होता, तिची साडी घडी करून ठेवलेली होती, आणि अण्णा लोकांना नेहमी त्या खोलीपुढून सरळ आत धाडायचे. त्यांना स्वतःलाही हे ठाऊक नसावं. त्यांचा चेहरा आधी तांबडा झाला आणि मग एकदम उतरला. माझा दंड सुटला. दादांनी, माझ्या दादांनी, पाहुण्यांकडे वळून हात जोडले आणि म्हणाले, "चौकट बाहेरनंच बघा. तिलाच दार न्हाई."

दिवसभर अण्णा गादीवर बसून होते. कुणी दारांचं विचारलं की पुढच्या चौकटीकडे बोट दाखवायचे, आत जावा म्हणायचे नाहीत. आईनं संध्याकाळी उपासाची भगर पानात वाढली, त्यांनी मुकाट्यानं खाल्ली. आई अजिबात घाबरलेली दिसत नव्हती, आणि मला मात्र आता भीती वाटत होती, की ते उद्या बोलतील, परवा बोलतील. त्या घराला पुढेही कधी दार बसलं नाही. गावात हल्ली काही घरांना बसलेली दिसतात, त्याबद्दल लोक मला मत विचारतात आणि मी देत नाही. ज्याचं त्यानं बघावं.

दिवेलागणीला मी खोलीत जाऊन बसले होते. काहीच करत नव्हते. केस सुटे होते, हातात फणी होती. पडद्याबाहेर पावलं येऊन थांबली. पडदा हलला नाही. आमच्या घरात पावलं थांबत नसत, ती पडद्यासकट आत येत. मी फणी तशीच धरून बघत राहिले.

"वैशे," अण्णांचा आवाज आला. "आत येऊ का?"

हे शब्द मी त्या घरात पहिल्यांदा ऐकत होते. या म्हणायला माझी काहीच हरकत नव्हती. लपवण्यासारखंही तिथं काही नव्हतं. तरी मी म्हटलं, "आत्ता नको."

"बरं," ते म्हणाले, आणि बाहेरच उभे राहिले.